ज्वारी वाढली

मामाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ताट धरून रांगेत उभी होते. संक्रांत चार दिवसांवर आलेली. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचं गिऱ्हाईक दुकानात असणार. अशा वेळी मामा फोन करत नाही. केलाच तर काहीतरी बिघडलेलं असतं.

"अगं, तुझा कॉम्प्युटर काय दाखवायलाय बघ की," तो म्हणाला. "लाल काठाची डबल चादर, शिल्लक किती? तर एक, आठ, चार, चार, सहा..."

"सात, चार, चार, शून्य," मी म्हणाले, "सात, तीन, सात, शून्य, नऊ, पाच, पाच, एक, सहा, एक, पाच."

पलीकडे शांतता. मागं कुणीतरी टॉवेलचा भाव करत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

"तिकडं बसून दिसतंय होय तुला?"

"दिसत नाही रे, पाठ आहे."

"मग एवढ्या चादरी आहेत का नाहीत?"

"एकही नाही. उलट एक कमी आहे."

"एक कमी? शून्याच्या खाली चादर कुठं असती का?"

प्रश्न बरोबर होता आणि चूक माझी होती. चाटी गल्लीच्या जवळ त्याचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं त्याच्यासाठी स्टॉकचा छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. शिल्लक साठवायला कुठल्या जातीची संख्या घ्यावी, असा प्रश्न तेव्हा आला आणि मीही मामासारखाच विचार केला: चादर ऋण कशी असेल? म्हणून ऋण आकडा बसूच शकणार नाही अशी चौसष्ट बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक ठेवायच्या चौसष्ट खणांची, जागा निवडली. जत्रेच्या गर्दीत कुणीतरी एक चादर परत आणून दिली, पोरानं ती नोंद न करता फळीवर ठेवली, आणि ती पुन्हा विकली गेली. वहीत शून्य शिल्लक असताना एक चादर वजा झाली. त्याचं उत्तर यंत्रानं दिलं:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

सोलापुरी चादर साधारण पाच फूट बाय साडेसात फुटांची धरली, तर एवढ्या चादरींत समुद्रासकट सगळी पृथ्वी सव्वा लाख वेळा पांघरून निघेल. मामाला हे सांगितलं नाही. तो म्हणाला असता, मग ऑर्डर घे.

यंत्र खोटं बोललं नव्हतं, त्यानं फक्त वजाबाकी केली होती. आपण शाळेत वजाबाकी शिकलो ती उसनं घेऊन. शून्यातून एक जात नाही, म्हणून डावीकडच्या शेजाऱ्याकडून उसनं घ्यायचं. आता अशी चाळ डोळ्यांसमोर आणा की ओळीनं चौसष्ट बिऱ्हाडं आहेत आणि एकाच्याही घरात दाणा नाही. पहिल्या घरी पाहुणा येतो. बाई शेजारी वाटी घेऊन जाते. शेजारीण म्हणते थांब, मी पुढून आणते. ती पुढे जाते, पुढची आणखी पुढे. यंत्राच्या दोनाच्या हिशेबात डावीकडून आणलेला एक आपल्याकडे येताना दोन होतो. त्यातला एक मागणारीला द्यायचा, एक आपल्याकडे राहतो. चौसष्टाव्या घरानंतर चाळ संपते. तिथं उसनं द्यायला कुणीच नाही, पण यंत्र तसं म्हणत नाही. भिंतीपलीकडून कुणीतरी दिलं असं धरून चालतं. पहिलीलाही दोन मिळाले, पाहुण्याला एक गेला, एक उरला. ज्या चाळीत सकाळी एक दाणा नव्हता तिथं संध्याकाळी चौसष्टच्या चौसष्ट घरांत एकेक आहे. दोनाच्या पद्धतीत ओळीनं लिहिलेले ते चौसष्ट एक म्हणजेच हा वीस आकडी धनाढ्य. खरा अर्थ वजा एक.

हा आकडा मला पाठ आहे तो माझ्या धंद्यामुळे, असं ऑफिसात सगळ्यांना वाटतं. धंद्यात तो भेटतोच. पण माझी आणि त्याची ओळख जुनी आहे आणि ती आजीच्या ज्वारीच्या डब्यातली आहे.

आजीचं माहेर मंगळवेढ्याकडचं. तिकडच्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकन वगैरे मिळालंय. आजीला त्याची गरज नव्हती. रब्बीचा शाळू, त्यातही मालदांडी, मोत्यासारखा टपोरा आणि पांढरा. दुसऱ्या कुठल्याही ज्वारीला ती नुसतं "धान्य" म्हणायची. मी सातवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे होते आणि कुणीतरी मला बुद्धिबळाची ती गोष्ट सांगितली: राजा खूश झाला, माग म्हणाला, शोधकर्त्यानं पहिल्या घरात एक दाणा मागितला, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं. गोष्टीतले दाणे गव्हाचे असतात, कुणी तांदळाचेही सांगतं. सोलापुरात ते ज्वारीचेच असणार. मी मामाचा पट पसरला आणि आजीचा डबा ओढला.

पहिली ओळ पटकन झाली. आठव्या घरात १२८, आठ घरांत मिळून २५५ दाणे, म्हणजे मूठसुद्धा भरत नाही. राजा हसला तो इथंच हसला असणार. दुसऱ्या ओळीत गंमत संपली. अकराव्या घरात १०२४ दाणे ठेवताना ते घरात मावेनात, शेजारच्या घरांत सांडले, आणि माझा हिशेब दोनदा चुकला. शेजारच्या काकू उंबऱ्यात सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. त्या रोज हजार विड्या वळायच्या, पंचवीस-पंचवीसच्या बंडलात. मोजणं त्यांच्या बोटांतच होतं. वर न बघता म्हणाल्या, "हजार मोजलेस न्हवं? मग पुढचं मोजू नको, तोल."

त्या अकराव्या घराचे दाणे पुरचुंडीत बांधून मी कोपऱ्यावरच्या सोनाराकडे गेले. त्यानं काटा लावला. हजाराला ३३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे किलोला साधारण तीस हजार दाणे. माझ्या आयुष्यातला हा पहिला प्रयोग, आणि अजूनही सगळ्यात विश्वासू वाटतो.

त्या एका मापावर पुढचं सगळं कागदावर झालं. सोळा घरं भरायला ६५,५३५ दाणे, सव्वादोन किलोला थोडे कमी. आजीचा डबा दहा किलोचा; तो अठराव्या घरापर्यंत पुरतो, एकोणिसाव्या घराला एकट्यालाच पावणेनऊ किलोच्या आसपास लागतात. चोवीस घरांना साडेपाच क्विंटल. बत्तीस घरांना, म्हणजे अर्ध्या पटाला, १४३ टन. क्विंटलची चौदाशेवर पोती. इथपर्यंत राजाची अब्रू शाबूत आहे. चौदाशे पोती कुठलाही राजा देईल. गोष्ट सांगणारे इथं कधी थांबत नाहीत, मला मात्र ही मधली रेघ फार आवडते. अलीकडे दानशूर राजा, पलीकडे दिवाळं. पूर्ण पटाचे दाणे तोलले तर ६१ हजार कोटी टनांच्या वर जातात. जगभरात आज वर्षाला साधारण सहा कोटी टन ज्वारी पिकते. दहा हजार वर्षांचं पीक.

त्या दिवशी आजीनं डबा बघितला. अर्धी ज्वारी पटावर, थोडी फरशीवर, उरलेली मी कशात तरी ओतून ठेवलेली. मी घाबरून म्हणाले, "आजी, ज्वारी संपली."

आजी ओरडली नाही, पण तिनं मला थांबवलं. "संपली म्हणू नये. ज्वारी वाढली म्हणावं."

आपल्याकडे हे सगळ्या घरांत आहे. मीठ संपत नाही, वाढतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तर ती वाढली. रिकाम्या डब्याकडे बघून "वाढलं" म्हणायचं, हे मला तेव्हा वेडेपणाचं वाटलं होतं. पुढे कॉलेजात प्रयोगशाळेत पहिल्यांदा शून्यातून एक वजा करून बघितला आणि पडद्यावर हा वीस आकडी डोंगर उभा राहिला, तेव्हा मास्तर त्याला चूक म्हणत होते, आणि मी मनात म्हणत होते, वाढली.

गोष्टीतला आकडा आणि यंत्रातला आकडा एकच का, हे समजायला मला तिथंही थोडा वेळ लागला. पटावरच्या दाण्यांची बेरीज करायची सोपी युक्ती अशी: शेजारून एक दाणा उसना आणा. तो पहिल्या घराजवळ ठेवा. तिथला एक आणि हा एक मिळून दोन झाले, म्हणजे दुसऱ्या घराएवढे. ते दुसऱ्यात सरकवा, चार झाले, तिसऱ्याएवढे. असं ढकलत नेलं की सगळा पट शेवटी एका पासष्टाव्या घरात गोळा होतो, जे पटावर नाहीच. त्या घराची किंमत २ चा ६४ वा घात. उसना दाणा परत करा, झाली बेरीज. पटाला पासष्टावं घर नाही, यंत्राला पासष्टावी जागा नाही, आणि दोघांचाही हिशेब एका उसन्या एकावर अडलेला.

हा पासष्टाव्या घराचा आकडा हातानं काढायची सुरेख वाट अल् बिरूनी या विद्वानानं सुमारे हजार वर्षांपूर्वी दाखवून ठेवली आहे. चौसष्ट वेळा दुप्पट करत बसायचं नाही, वर्ग करायचा. कुठल्याही घरातल्या आकड्याचा वर्ग केला की पहिल्या घरापासून जेवढं अंतर चालून आलो तेवढंच आणखी पुढे उडी बसते. पाचव्या घरात १६ आहेत. सोळाचा वर्ग २५६, नववं घर. त्याचा वर्ग ६५,५३६, सतरावं. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, तेहेतिसावं. आणखी एक वर्ग, की पासष्टावं. सोळापासून निघून चार उड्या. बिरूनीनं काढलेला आकडा आणि मामाच्या पडद्यावरचा आकडा शेवटच्या पाचापर्यंत तोच आहे.

सोळापासून! सोलापूरकराला इथं कॉलर ताठ करायचा मोह होणारच. आमच्या गावाचं नाव सोळा गावांवरून पडलं असं लहानपणापासून ऐकलेलं. शिलालेखांत मात्र ते सोन्नलगे असं येतं, म्हणजे सोळाचा काही संबंध नाही. पण जत्रेच्या दिवसांत हे कुणाला सांगायला जाऊ नये. आणखी एक योगायोग सांगते आणि थांबते. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, आणि जत्रेच्या पहिल्या दिवशी सात नंदीध्वज त्या अडुसष्टांना तैलाभिषेक करत फिरतात. पटाला चौसष्टाऐवजी अडुसष्ट घरं असती तर दाणे किती वाढले असते? चार घरं जास्त, म्हणजे चार वेळा दुप्पट. सोळापट.

नावांची गोष्ट निघालीच आहे तर या आकड्याचं नाव काय? बारावीपर्यंत मी कोटीच्या पुढे अब्ज, खर्व एवढंच ऐकलं होतं. भास्कराचार्यांनी लीलावतीत, ११५० मध्ये, दहापटीची जी अठरा नावं दिली आहेत त्यांत शेवटचं परार्ध, एकावर सतरा शून्यं. त्या हिशेबानं आपला आकडा असा वाचायचा: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधि, ४ शंकु, ४ महापद्म, निखर्वाच्या जागी भोपळा, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लाख, ५१ हजार ६१५. गंमत म्हणजे नावं संपली तरी आकडा उरतोच. परार्धाला १८४ नी गुणावं लागतं. नावं वाढली, असं म्हणायला हरकत नाही.

त्या शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेसनं मी सोलापूरला निघाले. मामाला म्हणाले होते की येऊन दुरुस्त करते. खरं तर जत्रेला जायला निमित्त हवं होतं. गाडीत खिडकीशी बसून मी त्या आकड्याचे भाग पाडत बसले. शेजारच्या बाईंनी दोनदा वाकून बघितलं आणि मग डोळे मिटून घेतले.

याचे भाग पाडणं चादरीची घडी घालण्यासारखं आहे. माझी आई मामाच्या दुकानात पोरवयापासून घड्या घालायची, त्यामुळे हे रूपक माझं नाही, घरातलंच आहे. चादर एकदा दुमडली की दोन पदर, पुन्हा दुमडली की चार. सहाव्या घडीला चौसष्ट. (खरी सोलापुरी चादर चौथ्या-पाचव्या घडीलाच उशी होऊन बसते, पण गणितात सूत जाड नसतं.) आता पट मधोमध दुमडा. खालच्या बत्तीस घरांत जे दाणे आहेत त्यांच्या ४,२९,४९,६७,२९६ पट वरच्या बत्तीस घरांत आहेत. दोन्ही मिळून खालच्या अर्ध्याच्या ४,२९,४९,६७,२९७ पट. म्हणजे पहिला भाग हाती लागला. उरला अर्धा पट. तो पुन्हा मधोमध दुमडा. भाग आला ६५,५३७. पुन्हा दुमडा, २५७. मग १७, मग ५, मग ३, आणि तळाशी उरतो पहिल्या घरातला एकुलता एक दाणा. सहा घड्या, सहा भाग.

या सहांची एक कौटुंबिक कथा आहे. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ हे पाचही मूळ संख्या. त्यांना एक आणि ते स्वतः सोडून कशानं भाग जात नाही. फ्रान्समध्ये वकिली करून फावल्या वेळात गणित करणाऱ्या फर्मानं १६४० च्या सुमारास हे पाहिलं आणि पत्रांतून सांगून टाकलं, की या माळेतला (मण्यातून एक काढायचा, उरलेल्याचा वर्ग करून एक मिळवायचा, की पुढचा मणी) प्रत्येक मणी मूळच असणार. सिद्धता काही नव्हती, पण पाच वेळा खरं झालेलं माणसाला पुरतं. सहावा मणी आपला ४,२९,४९,६७,२९७. तो तपासणं जड होतं, म्हणून जवळजवळ शंभर वर्षं फर्माचा शब्द टिकला.

१७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं तो मोडला. ६४१ × ६७,००,४१७.

६४१ कडे बघा. चौसष्ट, आणि त्याला चिकटून एक. हा नुसता लिहिण्यातला योगायोग नाही. या सहाव्या मण्याला ज्यानं भाग जाईल ती मूळ संख्या ६४ च्या पटीत एक मिळवूनच आलेली असणार, हेही ऑयलरनंच सिद्ध केलं. मग रांग एकदम छोटी होते: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवं दार ठोठावलं की ते उघडतं. जेऊरच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबली होती तेवढ्यात मी १९३ आणि २५७ नं भागून बघितलं, जात नाही. ४४९ ला कंटाळा आला. ऑयलरला आला नाही, हा फरक. ६४१ ची आणखी एक खोड: तो ६२५ + १६ आहे, आणि ५ × १२८ + १ सुद्धा आहे. या दोन मोडण्या शेजारी शेजारी मांडल्या की भागाकार न करताच, चार-पाच ओळींत सिद्ध होतं की भाग जातोच. १६ म्हणजे पाचवं घर, १२८ म्हणजे आठवं. पटाचाच माल पटाला फोडतो.

म्हणजे मामाच्या शिलकीचे सात मूळ तुकडे झाले: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. एकही दोनदा येत नाही. सात वेगवेगळे तुकडे घ्यायचे किंवा सोडायचे, म्हणून या आकड्याला एकूण १२८ भाजक आहेत. १२८ दाणे पहिल्या ओळीच्या शेवटच्या घरात असतात, ते मी सातवीत स्वतः मोजून ठेवले होते.

फर्माच्या माळेत त्यानंतर एकही नवा मूळ मणी सापडलेला नाही. पुढचा, सातवा मणी आपल्या आकड्याहून बरोबर दोननं मोठा आहे, त्याच्या अंगणातलाच शेजारी. तो २,७४,१७७ नं फुटतो हे लॅन्ड्री नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १८८० मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी जाहीर केलं. त्याच्याही आधी क्लाउसेन नावाच्या गणितज्ञानं एका पत्रात ते थोर गणितज्ञ गाउसला कळवलं होतं, पण मला ब्याऐंशीव्या वर्षी भागाकार करत बसलेला म्हाताराच जवळचा वाटतो. आता यंत्रांनी बराच पुढचा पल्ला तपासलाय आणि सगळे फुटलेलेच निघाले आहेत. एवढंच काय, ज्ञात असे पाचही फर्मा-मूळ आमच्या या चौसष्ट घरांतच आहेत.

आणि हे पाच नुसते मूळ नाहीत. गाउसनं १७९६ मध्ये, वयाची एकोणीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत, दाखवलं की कंपास आणि पट्टी एवढ्यावर सतरा बाजूंची नियमित आकृती काढता येते, कारण १७ या माळेतला आहे. विषम बाजूंच्या ज्या आकृत्या अशा काढता येतात त्या या पाच मण्यांच्या आपसातल्या गुणाकारांएवढ्याच. आजच्या ज्ञानानुसार एकूण ३१. जर्मनीतल्या हेर्मेस नावाच्या माणसानं ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची कृती लिहिण्यात दहा वर्षं घालवली. ती हस्तलिखितं ग्योटिंगनला पेटीत ठेवलेली आहेत. एवढ्या बाजूंची आकृती कागदावर काढली तर वर्तुळापेक्षा वेगळी दिसणार नाही, हे त्याला ठाऊक असणारच.

मामाकडे पोचले तर रात्र झाली होती. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. प्रोग्रॅमकडे कुणी बघितलं नाही. सकाळी अंगणात रांगोळीचा डबा माझ्या हातात आला, कारण मामेबहीण अभ्यासाला बसली होती आणि मला रांगोळीतलं फुलं-पानं काही जमत नाही. मला एकच रांगोळी येते आणि ती मेरुप्रस्ताराची आहे.

पिंगलाच्या छंदःशास्त्रावर, म्हणजे वृत्तांवरच्या जुन्या ग्रंथावर, टीका लिहिताना हलायुधानं दहाव्या शतकात जी पायऱ्यांची मांडणी सांगितली तीच ही: वर एक, खाली दोन, मग तीन, आणि प्रत्येक जागी वरच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज. रांगोळीत आकडे घालायचे नाहीत. नियम एवढाच: दोन्ही कडांना ठिपका, आणि मधल्या जागेच्या वरच्या दोन शेजाऱ्यांत एकालाच ठिपका असेल तर ठिपका द्यायचा, दोघांनाही असेल किंवा कुणालाच नसेल तर जागा मोकळी. विषम तिथं ठिपका, सम तिथं मोकळं. चौथी ओळ सगळी भरते. पाचवीत फक्त दोन टोकं. आठवी सगळी भरते. त्रिकोणात त्रिकोण, त्यात त्रिकोण, आणि मधे ऐसपैस मोकळी अंगणं. ठिपक्याला एक आणि मोकळ्याला शून्य म्हणून ओळी दोनाच्या पद्धतीत वाचल्या तर १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७... असे आकडे येतात: घडीतले तेच भाग आणि त्यांचे गुणाकार, दुसरं काही नाही. सोळावी ओळ संपूर्ण भरते, ६५,५३५. चौसष्टावी ओळ जर कुणी घातलीच, तर तिच्यात चौसष्ट ठिपके भरलेले असतील आणि ती ओळ म्हणजे मामाची शिल्लक.

सोळाव्या ओळीला अंगण संपलं. शेजारच्या काकू, आता खूप थकलेल्या, कट्ट्यावर ऊन खात बसल्या होत्या. त्यांनी रांगोळी बराच वेळ बघितली. "हे जॅकार्डचं कार्ड हाय बघ," म्हणाल्या. काकूंचा नवरा साखर पेठेतल्या एका कारखान्यात चादरीच्या नक्षीसाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचा. भोक असलं की दोरा उचलला जातो, नसलं की खालीच राहतो. शेकडो पट्ट्या ओवून मागावर चढवल्या की मोर उमटतो. माझ्या धंद्याचे शून्य आणि एक या बाईच्या घरात पन्नास वर्षं आधी खाटेखाली रचून ठेवलेले होते. मी विचारलं, काकू, पट्टीवर सगळीकडे भोकं पाडली तर?

"मग सगळेच दोरे वर. नक्षी कुठली त्यात?" त्या म्हणाल्या. "वाया गेली ती पट्टी."

दुपारी गर्दी ओसरल्यावर दुकानात बसून दुरुस्ती केली. पंधरा मिनिटांचं काम. शिल्लक शून्य असेल तर विक्रीची नोंद घेऊ नये, आधी आवक विचारावी, एवढंच. चुकलेली चादर परतीच्या नोंदीत घातली, आकडा सरळ शून्यावर आला. मामा चष्मा लावून पडद्याकडे बघत होता. त्याच्या मागे भिंतीवर आजीचा फोटो, हार कालचाच.

"हे शून्य नको," तो म्हणाला.

"अरे पण शून्यच आहे. एकही चादर नाही त्या डिझाइनची."

"नाही ते मला माहीत आहे. पण दुकानात पाटीवर शून्य नको. आईला चाललं नसतं."

मी थोडा वाद घातला. यंत्राला शून्य लागतं, हिशेबाला लागतं, जीएसटीला लागतं. मग आत शून्यच ठेवलं आणि दाखवायच्या ओळीत एक शब्द घातला. आता मामाच्या पडद्यावर ज्या मालाची शिल्लक शून्य होते त्याच्यापुढे "वाढली" असं येतं. मार्चमध्ये हिशेब तपासणाऱ्या गृहस्थांनी फोन करून विचारलं, लाल काठाची डबल वाढली म्हणजे किती वाढली?